बायोडाट्यातली नऊ वर्षं

औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासायचं काम तिने लग्नाच्या आधीपासून केलं होतं आणि त्या कामाने तिला जन्माचं बिघडवून ठेवलं होतं. बाजारातून आणलेल्या साबणाच्या वेष्टणावरची तारीख वाचल्याशिवाय ती साबण न्हाणीघरात जाऊ देत नसे. नवऱ्याच्या शर्टाची बटणं, विजेच्या बिलावरचा पत्ता, शेजारणीने परत केलेल्या डब्याचं झाकण, सगळं आधी तिच्या नजरेखालून जायचं आणि मगच घरात नांदायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिचं नाव 'तपासनीस' ठेवलं. ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे दूधवालासुद्धा खाली उभा राहून "तपासनीसबाई आहेत का?" असं विचारायला लागला.

नाव ठेवणारे सासरे एका सकाळी दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. अर्धं अंग गेलं. कुणीतरी घरी राहणं भाग होतं. कुणी राहायचं यावर चर्चा झाली नाही. अशा वेळी चर्चा होत नसतेच. सगळे गप्प बसतात आणि एकाच माणसाकडे बघतात. तिने राजीनामा दिला. वरिष्ठ म्हणाले, "महिन्या-दोन महिन्यांत परत या." ते महिने लांबत लांबत नऊ वर्षं झाली. कूस बदलायची, अंग पुसायचं, चादर अशी ओढायची की पाठीखाली एकही चुणी राहता कामा नये, औषधाच्या वेळा सांभाळायच्या. सासूबाई हाताखाली होत्याच, पण त्यांचे गुडघे त्यांच्या जिभेइतके चालत नव्हते. गेल्या वर्षी सासरे गेले. खाट उचलल्यावर खोली एवढी मोठी दिसायला लागली की दोघी सासूसुना बरेच दिवस दारातूनच मागे फिरत.

मग नवऱ्याची पाठ गेली. तो बसचा ड्रायव्हर. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं, खात्याने त्याला डेपोतल्या टेबलावर बसवलं आणि पगार त्या टेबलाच्या उंचीला आणला. घरात दुसरा पगार हवा, हे आता कुणी बोलून दाखवायची गरज राहिली नाही. शिवाय तिलाही जायचं होतंच. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांची ओळ तिला अजून स्वप्नात दिसायची. हे ती कुणाला सांगत नसे, कारण ऐकणाऱ्याला त्यात काय गोड आहे ते कळलं नसतं.

तिने बायोडाटा लिहिला. एकच पान. शिक्षण, कारखाना, काम, आणि त्याच्याखाली स्वच्छ अक्षरात: 'त्यानंतर नऊ वर्षं सासऱ्यांची शुश्रूषा, घरी.' तो तिने दिसेल त्या कारखान्याला पाठवला. बहुतेकांनी पोचसुद्धा दिली नाही. एका ठिकाणाहून फोन आला.

"मधली नऊ वर्षं काय केलंत?"

"सासऱ्यांचं आजारपण होतं."

"अच्छा, अच्छा. कळवतो हं."

कळवतो म्हणणारे कळवत नाहीत, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. ती मात्र आठवडाभर फोन उचलून तो बंद तर नाही ना हे बघत राहिली.

आणि मग ती जाहिरात आली. बसच्या शेवटच्या थांब्यावर औषधांचा नवा कारखाना उघडला होता. पॅकिंग तपासनीस हवी, अनुभव हवा, वय पंचेचाळिशीच्या आत. तिचा पंचेचाळिसावा वाढदिवस त्याच वर्षी होता. ही जागा गेली की पुढच्या प्रत्येक जाहिरातीतली वयाची अट तिला दारातच अडवणार होती.

आता वन्सं. म्हणजे तिची नणंद. वन्सं एका प्रवास कंपनीत माणसं भरती करायच्या खात्यात होत्या, तीन गल्ल्या सोडून राहायच्या आणि माहेरी आल्या की चप्पल काढायच्या आधी सल्ला द्यायच्या. मनाने सोन्यासारख्या. फक्त थांबायचं कुठे ते त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी बायोडाटा हातात घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पान टेबलावर आपटलं.

"वहिनी, हे काय आहे?"

"बायोडाटा."

"हा बायोडाटा? ही शोकसभेची नोटीस वाटते! शुश्रूषा काय, सासरे काय! अगं, आमच्या ऑफिसात एका कागदाला किती वेळ देतो माहितेय? चहाचा एक घोट. त्या घोटात सासरे दिसले की कागद खाली."

"पण खरं आहे ते."

"खरं कोण नाही म्हणतंय? पण खरं नीट कपडे घालून बाहेर काढावं लागतं."

मग वन्संनी लॅपटॉप उघडला आणि तासाभरात खऱ्याला एवढे कपडे चढवले की ते ओळखू येईना. शुश्रूषा घरातून उठली आणि 'शुश्रूषा सेवा केंद्र' झाली. तपासनीस त्या केंद्राची व्यवस्थापक झाली. केंद्राच्या मालक म्हणून सासूबाईंची नेमणूक झाली, आणि संपर्कासाठी फोन नंबर दिला तो घरातल्या जुन्या फोनचा, जो दिवाणखान्यात सासूबाईंच्या खुर्चीशेजारी होता.

सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. "मी मालक? मग पगार कुणी दिला हिला नऊ वर्षं?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"मालक आहे ना मी? मालकाने नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?"

सोबतच्या पत्रात वन्संनी लिहिलं, 'मला पॅकिंगविषयी लहानपणापासून ओढ आहे.' त्यावर मात्र सासूबाईंनी भाजीची जुडी खाली ठेवली. "लहानपणी काय खोक्यात खेळायची ही?" तपासनीसलाही तेवढं निमित्त पुरलं. ते वाक्य तिने हट्टाने काढायला लावलं आणि पत्र स्वतः लिहिलं: मी अमुक काम केलं आहे, ते मला येतं, बोलावलंत तर दाखवीन. तीन वाक्यं. वन्सं म्हणाल्या, "बरं, पत्र तुझं, बायोडाटा माझा." पत्र जिंकल्याच्या आनंदात तिने बायोडाट्यावर सही केली. ही तिची चूक. एका कागदावर समाधान मिळालं म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचं, ही गोष्ट कारखान्यात तिने हाताखालच्या मुलींना कधी करू दिली नसती.

तीन दिवसांत बोलावणं आलं.

"बघ!" वन्सं म्हणाल्या, आणि पुढचा आठवडाभर त्या दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

तिला मात्र त्या बोलावण्याने आनंद झाला तो अर्धाच. खऱ्याला कुणी विचारलं नव्हतं आणि खोट्याला तिसऱ्या दिवशी आमंत्रण. हे गणित तिला जुळत नव्हतं.

इंटरव्ह्यूची तयारी स्वयंपाकघरात सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला वन्सं साहेब म्हणून, त्यांच्याशेजारी सासूबाई दुसऱ्या साहेब म्हणून, समोर तपासनीस. गॅसवर डाळ उकळत होती.

"तुमच्यातला एखादा दोष सांगा," वन्सं म्हणाल्या.

"मी सांगते," सासूबाई म्हणाल्या.

"आई! तो तिला विचारलाय."

"ती कशी सांगेल? कुणी स्वतःचा दोष सांगतं का? शेजाऱ्याला विचारावा."

"वहिनी, म्हणायचं, मी कामात फार बारकाईने बघते, हाच माझा दोष."

"म्हणजे दोष म्हणून गुण सांगायचा?" तपासनीसने विचारलं.

"सगळे तेच करतात."

"मग विचारतात कशाला?"

"वहिनी, तू प्रश्न विचारायला चाललीयस की उत्तरं द्यायला?"

मग केंद्राचे प्रश्न. हाताखाली किती लोक? बारा. कामाच्या वेळा? चोवीस तास. इथे तिला दिलासा वाटला, कारण निदान तेवढं तरी खरं होतं. केंद्र का सोडताय? आव्हानात्मक काम हवंय म्हणून. "आव्हानात्मक," सासूबाई पुटपुटल्या. "दोन माणसांनी धरून तो देह उचलायचा, ते काय सहलीला गेल्यासारखं होतं?"

फोनचीही तालीम झाली. कारखाना चौकशीला फोन करणार, म्हणून त्या जुन्या फोनवर जो कुणी असेल त्याने 'हॅलो' न म्हणता 'नमस्कार, शुश्रूषा सेवा केंद्र' म्हणायचं. पहिल्याच दिवशी नवऱ्याने डेपोतून फोन केला, समोरून केंद्र ऐकलं, 'रॉंग नंबर' म्हणून ठेवला आणि परत लावला. पुन्हा केंद्र. घरी येऊन तो म्हणाला, "मी बाहेर राहायचं का आता? घर भाड्याने दिलंय असं वाटलं." सासूबाईंनी तर साफ सांगितलं, "मला हे जमणार नाही. या वयात मी माझ्याच घरात दुसऱ्याचं नाव सांगू?" तेव्हा वन्संनी इंटरव्ह्यूच्या दिवशी रजा घेतली आणि फोनजवळ स्वतः बसायचं ठरवलं.

तो दिवस उजाडला. इस्त्रीचे कपडे, पायात नवऱ्याने पॉलिश केलेले बूट, पिशवीत प्रमाणपत्रं. बस शेवटच्या थांब्याला रिकामी होत गेली. कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तो वास आला: पुठ्ठा, डिंक, स्पिरिट. तिचे खांदे आपोआप खाली आले. बाई खूप दिवसांनी माहेरी गेली की उंबऱ्यावर जसं होतं तसं.

खोलीत तिघं होते. भरती अधिकारी, केस चापून बसवलेला तरुण, समोर तिची फाइल. उत्पादनाचे मॅनेजर, ज्यांचा एक डोळा मोबाइलवर होता. आणि गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाई, साधारण तिच्याच वयाच्या, चष्मा साखळीने गळ्यात.

सुरुवात बाईंनी केली. "बॅच संपली. दिलेली लेबलं, लागलेली लेबलं, खराब झालेली लेबलं, सगळी मोजली. पाच कमी भरतात. काय कराल?"

"लाइन थांबवीन. माल बाहेर जाऊ देणार नाही."

मॅनेजरांनी मोबाइल खाली ठेवला. "पाच लेबलांसाठी? ट्रक दारात उभा असला तरी?"

"ट्रकला पाय फुटत नाहीत. उभा राहील."

"बहुतेक ती यंत्राखाली चिकटलेली असतात हो."

"बहुतेक असतात. पण बहुतेकवर औषध पाठवत नाहीत. ती पाच लेबलं दुसऱ्याच औषधाच्या बाटलीवर गेली असली तर?"

"आणि मी ओरडलो तर?"

"आधीच्या कारखान्यात पण ओरडायचे," ती म्हणाली. "ओरडून झालं की तेसुद्धा यंत्राखाली शोधायला वाकायचे."

बाई हसल्या. मॅनेजरही हसले, जरा उशिरा. अर्धा तास असा गेला की तिला वेळेचं भान राहिलं नाही. छपाईतली पुसट तारीख, चुकीच्या खोक्यात गेलेलं माहितीपत्रक, रात्रपाळीला डुलकी घेणाऱ्या मुलीला कसं जागं ठेवायचं. हात हलवून, टेबलावरचे पेन इकडून तिकडे सरकवून तिने उत्तरं दिली. वन्संनी पाठ करून घेतलेल्यातलं एकही वाक्य लागलं नाही.

मग भरती अधिकाऱ्याने फाइल पुढे ओढली.

"आता हे शुश्रूषा सेवा केंद्र. इथे तुम्ही व्यवस्थापक. हाताखाली किती लोक होते?"

'बारा' तिच्या जिभेवर तयार होतं. तालीम झालेलीच होती. तिने त्याच्या बोटाखालच्या ओळीकडे बघितलं. ठळक अक्षरात, सुंदर छापलेली ओळ. आतलं औषध एक आणि बाटलीवर लेबल दुसरंच. अशी बाटली आयुष्यात तिने पुढे जाऊ दिली नव्हती, आणि आता स्वतःच पट्ट्यावर बसून पुढे सरकत होती.

"ही नोंद चुकीची आहे," ती म्हणाली.

"छपाईची चूक?"

"नाही. माहिती चुकीची आहे. केंद्र वगैरे काही नाही. मी नऊ वर्षं घरी सासऱ्यांचं केलं. ते अंथरुणाला होते."

अधिकाऱ्याने ओळीवरचं बोट उचललं.

"दुरुस्त करू का?" तिने विचारलं.

"घरी जाऊन नवीन प्रत पाठवा ना," अधिकारी गोंधळून म्हणाला.

"नको. हा कागद तुमच्या फाइलीत लागलाय. दुरुस्ती याच्यावरच हवी."

तिने पिशवीतून स्वतःचं पेन काढलं, फाइल आपल्याकडे वळवली आणि त्या ओळीवरून एकच सरळ रेघ मारली. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'सासऱ्यांची शुश्रूषा, घरी.' पुढे सही, पुढे तारीख. औषधांच्या कारखान्यात नोंद चुकली की ती खरवडत नाहीत, पांढरा रंग फासत नाहीत, पान फाडत नाहीत. चूक दिसलीच पाहिजे, बरोबर काय तेही दिसलं पाहिजे आणि कुणी केव्हा सुधारलं तेही. हाताला सवय होती, हाताने ते करून टाकलं. करून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने आपल्या हाताने आपली नोकरी खोडली.

प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती रेघ वाकून बघितली.

"मग असं लिहिलंत कशाला?" अधिकाऱ्याचा आवाज आता कडक होता.

"खरं लिहिलं होतं तेव्हा कुणी बोलावलं नाही."

"म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून दिलं का हे?"

वन्सं तिच्या डोळ्यांसमोर आल्या, रजा टाकून फोनजवळ बसलेल्या. "सही माझी आहे," ती म्हणाली.

"खोटी माहिती दिली की अर्ज बाद, असा नियम आहे आमचा."

"बाहेर बसा जरा," प्रमुख बाई म्हणाल्या.

ती बाहेर बाकावर बसली. दाराआड आवाज चढले, उतरले. शब्द कळत नव्हते. शेवटी अधिकारी बाहेर आला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत कळवू. त्याआधी दिलेल्या नंबरवर चौकशी करणार आहोत."

बसमध्ये बसल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती उभीच राहिली. दिलेला नंबर! तिथे वन्सं बसल्यात. इथे आपण खरं सांगून आलो आणि तिकडे वन्सं अख्खं केंद्र चालवून दाखवणार. कारखान्याला वाटेल, बाई सापडली म्हणून कबूल झाली, घर मात्र अजून खोट्यावरच उभं आहे. तिने मोबाइल काढून घरचा नंबर लावला. एंगेज. वन्संचा मोबाइल लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा घर. एंगेज. शेजारचा प्रवासी म्हणाला, "बसा की, बस तुमच्या उभं राहण्याने पळत नाही." ती बसली, पुन्हा लावला, एंगेज. एवढं बोलतायत तरी काय?

जिना ती कधी चढली ते तिला कळलंही नाही. दार उघडंच होतं आणि दारात वन्सं, हातात दुधाची पिशवी, चेहरा उजळलेला.

"आला फोन! वहिनी, असा हाताळला म्हणतेस! मोबाइल आधीच गप्प करून ठेवला, मध्ये वाजायला नको. लॅपटॉपची बटणं टकाटका वाजवत ठेवली, म्हणजे ऑफिस वाटावं. बारा माणसं सांगितली, दोन रुग्णवाहिका सांगितल्या..."

"रुग्णवाहिका? त्या कुठून आल्या?"

"ओघात आल्या."

तपासनीस बुटांसकट आत आली आणि जमिनीवरच बसली. या घरात बूट घालून आत यायची कुणाची हिंमत नव्हती, तिच्याचमुळे. वन्संनी तिच्या बुटांकडे बघितलं.

"वन्सं, मी तिथे सगळं खरं सांगून आले."

"काय? सगळं?"

"कागदावर दुरुस्तीपण केली. सही करून."

दुधाची पिशवी टेबलावर ठेवायचंही वन्संना सुचेना. "अगं मग मी... अरे देवा. मी आता फोन करते त्यांना. सांगते, रुग्णवाहिका विकल्या."

"बस खाली," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आणि फोनला हात लावू नकोस. तू दूध आणायला गेलीस तेव्हा परत आला होता तो."

दोघींनी माना वळवल्या.

"कोण होतं?"

"बाई होत्या कुणीतरी. आवाज चांगला होता. म्हणाल्या, केंद्राच्या मालक आहेत का? मी म्हटलं, मालक वगैरे कुणी नाही, सासू आहे. मघाशी रुग्णवाहिका घेऊन जी बोलली ती माझी मुलगी. ती वाईट नाही, तिला भावजयीची काळजी आहे, पण तिला ब्रेक नाही."

"आई!"

"खोटं आहे का? मग त्यांनी विचारलं, सून सासऱ्यांचं काय काय करायची? सांगितलं. बराच वेळ सांगितलं. नऊ वर्षांचं सांगायला वेळ लागतो. मध्येच त्या म्हणाल्या, पाठीला जखमा झाल्या होत्या का त्यांच्या? मी म्हटलं, एक नाही. शेवटपर्यंत एक नाही. डॉक्टर यायचे, पाठ बघायचे आणि हिच्याकडे बघायचे." सासूबाई खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत राहिल्या. "मग त्या बाई म्हणाल्या, माझ्या आईच्या पाठीला झाल्या होत्या. आम्ही दोन बायका ठेवल्या होत्या तरी."

वन्संनी दुधाची पिशवी टेबलावर ठेवली.

"दोष विचारला का?" तपासनीसने विचारलं.

"विचारला ना. म्हटलं, मी चहात दुसरा चमचा साखर घातली की ही स्वयंपाकघरातून ओरडते. तोंड तिकडे असलं तरी. म्हटलं, असलं माणूस घरात ठेवण्यापेक्षा कारखान्यात बरं, घेऊन जा."

वन्सं आधी हसल्या, मग रडायलाच लागल्या. "वहिनी, माझ्यामुळे गेलं असतं ना गं सगळं."

"सही मी केली होती, वन्सं. वाचून केली होती."

"पण तू माझं नाव सांगितलंस का तिथे?"

"तुमचं नाव सांगून काय होणार होतं? तुम्ही थोड्याच लाइनवर उभ्या राहणार होतात?"

संध्याकाळ होईपर्यंत तिघी फोनभोवती बसल्या. चहा झाला, पुन्हा झाला. सासूबाईंनी दोन्ही वेळा दुसरा चमचा घातला आणि दोन्ही वेळा कुणी हूं की चूं केलं नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते ओळखावं. फोन वाजला तेव्हा वन्संचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला.

"हॅलो," तपासनीस म्हणाली. नुसतं हॅलो.

भरती अधिकारी होता. सकाळपेक्षा सौम्य. सोमवारपासून या. पहिले तीन महिने तात्पुरत्या, काम बघून कायम. प्रमुख बाईंच्या विभागात. तिने दिवस, वेळ, फाटक क्रमांक, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं, मग सगळं त्याला परत वाचून दाखवलं आणि तो "बरोबर, बरोबर" म्हणाल्यावरच फोन ठेवला. मग तिने नुसती मान हलवली. वन्संनी किंकाळी फोडली. सासूबाई म्हणाल्या, "एवढं ओरडू नकोस, कुणीतरी मेलंय असं वाटेल शेजाऱ्यांना," आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

"आई, तुमचं दुपारचं कसं होणार?" तपासनीस म्हणाली. नोकरी मिळून मिनिटही झालं नव्हतं.

"माझं काय व्हायचंय? मी अंथरुणाला आहे का? दुपारी झोपते मी. झोपायला मला व्यवस्थापक लागत नाही. आणि औषधाची गोळी तू सकाळी काढून ठेवशीलच, मला माहितेय, चिठ्ठी लावून."

तेवढ्यात नवरा डेपोतून आला. दारातच त्याला तिघींनी गाठलं आणि तिघी एकदम बोलायला लागल्या. त्या गोंधळात त्याच्या कानावर नेमके दोनच शब्द पडले, 'रुग्णवाहिका' आणि 'आई'. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आईला कुठे नेलंय?" म्हणत तो आईला ओलांडून आतल्या खोलीकडे धावला.

"अरे मी इथे आहे, बैला!" सासूबाई ओरडल्या.

तेव्हा तपासनीस हसली. दिवसभर आत दाबून धरलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवरा आतून परत आला, एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं, आणि काय झालंय हे न विचारताच तोही हसायला लागला. पाठ दुखत होती म्हणून एक हात कमरेवर ठेवून.

"मिळाली," ती शेवटी कशीबशी म्हणाली. "सोमवारपासून."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "हुश्श," म्हणाला, इतकंच. त्या रात्री जेवण कुणी केलं, भांडी कुणी घासली, दूध कुणी तापवलं, यातलं तपासनीसने काहीही तपासलं नाही.